दादासो गेले त्याचा खुलासा

चिंचाळवाडी, ता. खटाव, जि. सातारा
६ जानेवारी १९९७

प्रिय मित्र जालिंदर यास हंबीररावाचा रामराम.

‘गिरणीवरची चर्चा’, कॅसेट नंबर नऊ, आजच्या वडूज-विटा-सांगली गाडीच्या कंडक्टरकडे दिली आहे. स्टँडवर जाऊन ताब्यात घेणे. या खेपेला चोवीस कॉप्या काढ. दुकानातली बाकीची रेडिओ-टेपची दुरुस्ती दोन दिवस बाजूला ठेव, जग थांबत नाही.

तू सांगलीत बसून म्हणतोस की हंबीर, रिटायर झालास, आता गप ऊस बघ. पण लुधियानाहून पत्र आलंय ते ऐक. आपल्या गावची पोरं तिथल्या गलाईच्या दुकानात सोनं गाळतात, त्यांना मराठी पेपर दिसत नाही. ती लिहितात, “काका, दिल्लीत सरकार कुणाचं आणि गावात दळण किती वाजता, दोन्ही आम्हाला तुमच्या कॅसेटवरून कळतं.” कोईमतूर, त्रिशूर, कटक, सगळीकडे हेच. माझ्या वॉर्डातली एकशे दहा मतं तिकडे आहेत आणि ती फक्त माझं ऐकतात. २ मार्चला ग्रामपंचायतीची निवडणूक आहे, हे तुझ्या लक्षात असू दे.

या वेळची चर्चा चांगली झाली. वीज गेली, गिरणी बंद पडली, दळणाला आलेली माणसं आयती सापडली. दिल्लीत तेरा पक्षांचं सरकार कसं चालतं यावर बिराप्पा धनगर बोलला. तो म्हणाला, “तेरा मेंढरं आसली तरी कुटलं तरी एक म्होरं चालतंच की. हितं समदीच मागं बगत्यात.” असं पेपरात कुणी लिहीत नाही.

मुख्य बातमी वाईट आहे. माझा चुलतभाऊ दादासो आपल्या अलीकडच्या पॅनेलमधून उठला आणि ओढ्यापलीकडच्या पॅनेलला जाऊन मिळाला. पंचवीस वर्षं आम्ही एका बाजूला. तीन घरं सोडून राहतो, आणि मला एका शब्दाने बोलला नाही. आता माझ्याच वॉर्डात माझ्यासमोर उभा आहे. मी कॅसेटमध्ये सांगितलं, “आपले दादासो गेले.” त्यापुढे थोडा वेळ आवाज नाही, कारण मला खोकला आला. तो भाग कापू नकोस, खोकला ऐकू येत नाहीच.

तुझा,
हंबीरराव

*

सांगली
११ जानेवारी १९९७

प्रिय हंबीर, जय भीम.

कॅसेट मिळाली. तुझ्या आज्ञेप्रमाणे चोवीस कॉप्या काढून काल विट्याच्या गलाईवाल्यांबरोबर रवाना केल्या. प्रियंकाने सगळ्यांवर नंबर घातले. तिची बारावी आहे, तरी बापापेक्षा तिचं अक्षर बरं, म्हणून तिलाच बसवलं.

बिराप्पाचं मेंढरांचं ऐकून तुझी मुक्तावहिनी हसता हसता दाराला टेकली. बयाबाईला मात्र सांग, गिरणी तिची असली तरी बोलताना डब्याचं झाकण वाजवू नये. कोईमतूरच्या माणसाला वाटेल गावात दरोडा पडला.

कोऱ्या कॅसेटच्या टंचाईमुळे थोडी काटछाट करावी लागली. विशेष काही नाही. तू लक्ष घालू नकोस.

दादासोंचं ऐकून वाईट वाटलं. शाळेत असताना आपल्या दोघांना एका सायकलवर बसवून वडूजच्या तमाशाला नेणारा माणूस तो. तू त्यांच्याशी जाऊन एकदा बोललास का? का नुसतं टेपरेकॉर्डरशीच बोललास?

तुझा,
जालिंदर

*

चिंचाळवाडी
२९ जानेवारी १९९७

जालिंदर,

इकडे अनर्थ झालाय आणि तू तिकडे स्क्रू पिळत बसलायस.

परवा सकाळी पोस्टमन दादासोच्या दारात तार घेऊन आला. दादासो ओट्यावर भाकरी खात होता. पोस्टमन म्हणाला, “घरातल्या कर्त्या मानसाला बोलवा.” दादासो म्हणाला, “मीच की.” पोस्टमन म्हणाला, “तुमाला देता येत न्हाई. ही तुमीच वारल्याची हाय.” शेवटी नियम काढून बघितला. तार घेणाऱ्याने जिवंत असावं एवढीच अट निघाली. दादासोने हात धुऊन सही केली.

त्या दिवसापासून एकोणीस तारा आल्या. सगळ्यांचा मजकूर एकच, ईश्वर मृतात्म्यास शांती देवो. कटकला जयराजने आणि त्याच्या भावाने डोकी भादरली. लुधियानाच्या पोरांनी अर्धा दिवस दुकान बंद ठेवून शोकसभा घेतली, दोन सरदारजींनीही भाषणं केली म्हणे. काल आमची मावळण, म्हणजे आत्या, म्हसवडहून गळा काढत आली, ती थेट शालूवहिनींच्या गळ्यात पडली. वहिनी तिला धरून आत नेताना मागे वळून दादासोला म्हणाल्या, “आवं, जरा चा ठेवा की.” मावळण चहा पिऊन पुन्हा रडली, कारण एवढ्या लांब येऊन रडल्याशिवाय कसं जायचं.

सगळे माझ्याकडे बोट दाखवतात. पलीकडचं पॅनेल म्हणतं, हंबीररावाने उमेदवार जित्ता मारला. माझी इज्जत, कॅसेटची इज्जत, सगळी मातीत गेली. मी सरळ सांगितलं होतं. ‘गेले’ म्हणजे पॅनेल सोडून गेले, हे पुढे पंधरा मिनिटं उलगडून सांगितलंय. ही पोरं कान कुठं ठेवून ऐकतात?

ताबडतोब खुलासा काढायला हवा. एकच वाक्य बोलतो, “दादासो गेलेले नाहीत.” उलट टपाली कळव.

हंबीरराव

*

सांगली
२ फेब्रुवारी १९९७

प्रिय हंबीर, जय भीम.

तुझं पत्र मुक्ताला वाचून दाखवलं. ती म्हणाली, हसू नये, पण हसली.

आता नीट ऐक. “दादासो गेलेले नाहीत” असं अजिबात बोलू नकोस. तू तसं म्हणालास की तुझ्या पॅनेलवाल्यांना वाटणार दादासो परत आले. पलीकडच्यांना वाटणार ते दोन्हीकडे आहेत. मतदानापर्यंत त्या माणसाचे दोन तुकडे होतील. ते गेलेत पण गेलेले नाहीत, हे तुला एका वाक्यात बसवायचं आहे. दिल्लीच्या प्रवक्त्यांना असल्या कामाचा पगार मिळतो.

आपल्या राजकारणाची भाषाच अशी आहे गड्या. आपण माणसाला उभा करतो, बसवतो, उठवतो, फोडतो, पाडतो. पेपरवाले रोज असंच लिहितात आणि कुणी तार करत नाही. या वेळी तुझ्या बोलण्यात काहीतरी वेगळं झालं असणार.

तर “दादासो जिवंत आहेत” इथून सुरू कर आणि शक्य तर तिथंच थांब. दुसरं म्हणजे, टेपमध्ये नवे सेल घाल.

जालिंदर

*

चिंचाळवाडी
१४ फेब्रुवारी १९९७

जालिंदर,

खुलासा तू पाठवलास, तो पोचला, आणि आधीपेक्षा वाईट झालं.

मी फौजी माणूस, ‘जिवंत आहेत’ एवढंच म्हणून थांबणं मला जमलं नाही. अर्धवट रिपोर्ट मी आयुष्यात दिलेला नाही. मी बोललो ते असं: “समद्या गलाईवाल्यांना कळवन्यात येतं की दादासो जिवंत हायत. त्ये पलीकडं गेल्यात आन् तितं उभं हायत. आमी त्यास्नी बसवायचा लय प्रयत्न केला, पर बसंनात.” यात चूक काय आहे सांग. आपल्या गावात पलीकडं म्हणजे ओढ्यापलीकडं, हे पाळण्यातल्या पोरालाही माहीत आहे.

पण एकदा सुतक धरलेल्या माणसाला पलीकडं म्हणजे एकच जागा सुचते. कोईमतूरच्या पोरांनी दादांच्या आत्म्याला तिथं बसायला मिळावं म्हणून देवळात नारळ वाढवला. त्रिशूरहून पत्र आलं की जिवंत असतील तर काका एवढ्या बारीक आवाजात, घाईघाईने, रडत का सांगतात? सेल उतरले होते, दुसरं काय! उतरलेल्या सेलवर भरलं की आवाज असा निघतो हे तू मला आधी सांगायचं होतंस. (सांगितलं होतंस, हे मागचं पत्र पाहून कळलं. ते राहू दे.)

त्यात दादासोला चिन्ह मिळालं शिडी. वडूजच्या छापखान्याने ती जागेअभावी आडवी छापली. वर दादासोचा हार घातलेला फोटो, खाली आडवी शिडी. पत्रक हातात पडलं की म्हातारी माणसं नमस्कार करतात.

या सगळ्यात दादासो खूश आहे. तारांमागून पत्रं आली ना, ती तो पिशवीत घालून हिंडतो. प्रचाराला जातो आणि मतं मागायचं सोडून लोकांना पत्रं वाचून दाखवतो. काल ती पिशवी घेऊन माझ्या दारात आला. पाच आठवड्यांत पहिल्यांदा.

म्हणाला, “हंबीर, ह्यातलं खरं किती रं? जयराजनं लिवलंय की मी त्येला पाठंगुळी मारून वडूजच्या दवाखान्यात न्हेलं. मी कवा न्हेलं? मला तर काय आठवंना.”

मला आठवत होतं. चिखलातून नेलं होतं, मी मागून कंदील घेऊन चालत होतो. पण मी म्हणालो, “खोटं आसंल. मेलेल्या मानसाबद्दल लोक कायबी लिवत्यात.”

तो पत्रं चाळत बसला. मग म्हणाला, “समद्यांची आली. तुजं न्हाई आलं.”

मी म्हणालो, “दादा, मी तीन घरं सोडून ऱ्हातो. तुमी जित्तं हायसा ह्ये मला दिसतंय. मी कशापाय लिवू?”

“व्हय, त्येबी खरंच,” म्हणाला आणि पिशवी उचलून गेला. खुळाच आहे. समोरासमोर उभा असलेला उमेदवार माझ्याकडे शोकपत्र मागतो! तूच सांग, असल्या माणसाशी निवडणूक कशी लढवायची?

हंबीरराव

*

सांगली
१८ फेब्रुवारी १९९७

प्रिय हंबीर, जय भीम.

तुला एक गोष्ट सांगायची होती. महिनाभर पोटात ठेवली. आज मुक्ता म्हणाली, आधी ते लिहा, मग जेवा. म्हणून उपाशी लिहितोय.

तुझी मूळ कॅसेट नव्वद मिनिटांची होती. मला बाजारात साठच्याच मिळाल्या. म्हणजे प्रत्येक बाजूची शेवटची पंधरा मिनिटं गेली. पहिली बाजू “आपले दादासो गेले” आणि त्यापुढच्या शांततेवर संपली. ते कुठं गेले, का गेले, हा तुझा सगळा उलगडा त्या पंधरा मिनिटांत होता. पोरांनी कॅसेट उलटली, तर दुसऱ्या बाजूला सुरुवातीलाच बयाबाई म्हणते, “लय वंगाळ झालं. परवा दळान न्ह्याला आलं तवा चांगलं चालत हुतं.”

चूक माझी आहे. तुझी इज्जत गेली ती माझ्यामुळे, आणि मी उलट तुलाच भाषेचे धडे दिले. माफ कर. तुला वाटलं तर पुढच्या कॅसेटमध्ये माझं नाव घेऊन सांग, मी कबूल करीन.

पण आता दुसरं सांगतो, तेही ऐकून घे. कॉप्या काढताना मी ती बाजू चोवीस वेळा ऐकली. पहिल्या वेळी, सगळं माहीत असूनही, माझा हात थांबला. मला वाटलं, खरंच वारले की काय. तुला खोकलाबिकला काही आला नव्हता हंबीर. चांगली वीस सेकंद तू गप्प आहेस आणि मागे बिराप्पा हळूच म्हणतो, “आसू द्या, हंबीरराव, आसू द्या.” पॅनेल सोडणाऱ्या माणसाची बातमी कुणी अशी देत नाही.

पोरांनी चुकीचं ऐकलं असं मला वाटत नाही. जे तू बोललास तेच त्यांनी ऐकलं.

दादासोंना पत्र लिही. निवडणूक जिंकायची तर जिंक, पण लिही.

जालिंदर

*

चिंचाळवाडी
२३ फेब्रुवारी १९९७

ती. दादा यांस हंबीरचा नमस्कार.

हे पत्र मी टपालानेच टाकत आहे. आपल्या पेटीतून ते वडूजला जाईल, शिक्का खाईल आणि परत तीन घरं ओलांडायला तुमच्याकडे येईल. हातात द्यायला मला लाज वाटते.

तुम्ही मागितलं म्हणून लिहितो. आधी एक भांडण. तुम्ही पलीकडच्या पॅनेलला गेलात, ठीक आहे, दिल्लीत रोज लोक जातात. पण मला सांगितलं नाहीत. ते मला बिराप्पाकडून, मेंढरं आडवी आली म्हणून थांबलो तेव्हा कळलं. ही रीत नव्हे. मी कॅसेटमध्ये जे बोललो ते त्या रागाने बोललो. बोलताना राग कुठे गेला आणि दुसरंच काय आलं, ते मला कळलं नाही. चोवीस गावांना कळलं.

जयराजला तुम्ही पाठंगुळी मारून नेलं, हे खरं आहे. माझ्या हातात कंदील होता. मी तुम्हाला खोटं सांगितलं.

आता माझं. एकाहत्तर साली मी पठाणकोटच्या पुढे होतो. पाच नोव्हेंबरला आमचे आबा वारले. तुम्ही मला कळवलं नाहीत. पोरगा सरहद्दीवर आहे, लढाई तोंडावर आहे, असं म्हणून तुम्ही दर आठवड्याला पत्र लिहीत राहिलात. आबा मळ्यात जाऊन आले. आबांनी आज हुरडा खाल्ला. आबा तुझी आठवण काढतात. मी ती पत्रं खिशात ठेवून लढलो. फेब्रुवारीत सुट्टीवर आलो तेव्हा वेशीत कळलं. त्या दिवशी मी तुमच्या अंगावर धावून गेलो, आणि नंतर या विषयावर आपण कधी बोललो नाही.

तुम्ही माझ्या मेलेल्या बापाला तीन महिने जिवंत ठेवलंत. आणि मी माझ्या जिवंत भावाला एका कॅसेटमध्ये मारलं.

मत मी मलाच देणार आहे. ते मागू नका.

तुमचा,
हंबीर

*

चिंचाळवाडी
७ मार्च १९९७

प्रिय जालिंदर यास हंबीररावाचा रामराम.

आधी निकाल. मी त्रेसष्ट मतांनी हरलो. पुढच्या कॅसेटमध्ये “हंबीरराव पडले” असं कुणालाही बोलू देणार नाही. तेल आणि शेकायच्या पिशव्या येतील.

गलाईची पोरं मतदानाच्या आदल्या दिवशी एसटीतून उतरली. त्यात अकरा टकली. दादासो स्वतः स्टँडवर उभा होता. जयराजने आधी त्याला चिमटा काढला, मग पाया पडला, आणि मग माझ्याकडे बघून डोक्यावरून हात फिरवला. मी दुसरीकडे बघितलं. एकशे दहापैकी बहुतेक सगळे शिडीवर शिक्का मारून आले. ते म्हणाले, काका, तुमचंही बरोबर आहे, पण एकदा रडून झालेल्या माणसाला पाडायचं कसं?

आणि माझं पत्र! ते २७ तारखेला त्याला मिळालं आणि २८ तारखेच्या सांगता सभेत त्याने ते माईकवर वाचायला काढलं. “ऐका, माज्या इरोधकानं माज्याबद्दल काय लिवलंय.” मी माझ्या ओट्यावर बसून ऐकत होतो, कर्णा माझ्याच दिशेला होता. कंदिलाचं वाचलं, टाळ्या. मी मनात त्याला शिव्या दिल्या. एवढा मोठा राजकारणी आमच्या घरात निपजला आणि मला पंचवीस वर्षं पत्ता नाही. मग आबांचं आलं. मळ्याचं वाचलं, हुरड्याचं वाचलं आणि तो थांबला. लोक वाट बघत होते. कर्ण्यातून त्याचा आवाज आला, “म्होरलं घरातलं हाय,” आणि सभा तिथंच संपली. आमच्या पॅनेलच्या लोकांनी मला हिशोब करून दाखवला की या एका पत्राने माझा वॉर्ड गेला.

तुझ्या साठ मिनिटांच्या कॅसेटबद्दल मी रागावलो होतो, ते आता राहिलं नाही. मुक्तावहिनींना सांग, जेवू घाला त्याला.

काल दुपारी दादासो आला. गुलाल अजून कानात होता. बसला, पाणी प्याला. म्हणाला, “आबांचं तू लिवलंस. त्यातलं यक सांगायचं ऱ्हायलंय.” मी म्हणालो, सांगा.

म्हणाला, “त्या पत्रांतलं मळा, हुरडा, समदं मी हितं बसून जुळवल्यालं. पर आठवन काडत्यात, ह्ये खोटं नव्हतं रं. जायच्या दिशी दुपारभर तुजंच बोलत हुते. हंबीर असा चालायचा, हंबीर तसा रुसायचा. मी समदं ध्यानात ठिवलं. येका पत्रात लिवलं आसतं तर संपून गेलं आसतं. म्हून तीन म्हैनं पुरवून पुरवून लिवलं.”

ट्रंकेत ती तेरा पत्रं आहेत. पंचवीस वर्षं मी ती सगळीच खोटी म्हणून बांधून ठेवली होती. आम्ही दोघांनी ती काढली आणि तो एकेका ओळीवर बोट ठेवून सांगत गेला, ही माझी, ही आबांची.

तुझा,
हंबीर